कोंबड्यांच्या आवाराला छप्पर घालताना

शिक्रा आंब्याच्या फांद्यांमधून जमिनीलगत येतो आणि कोंबडीला ओरडायलाही वेळ देत नाही. घारीचं तसं नसतं. ती आभाळात घिरट्या घालते, तिची सावली अंगणात फिरते, कोंबडा लांब सूर काढतो आणि पिल्लं कोंबडीच्या पंखाखाली शिरतात. कुडाळजवळच्या आमच्या परसात मी पहिल्यांदा जाळीचं आवार केलं तेव्हा बाजूची जाळी पाच फूट उंच होती, ताठ आणि नवीकोरी. वर काहीच नव्हतं. अकरा पिल्लांची कोंबडी त्यात सोडली आणि आठवड्याभरात पाच पिल्लं उरली. सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "वर उघडा ठेवलंस, मगे बाजूक जाळी कित्याक घातलंस?"

त्यानंतर मी छप्पर घातलं. ते पावसात बसलं. दुसरं घातलं, ते टिकलं, पण पत्रा आणि बाजूची जाळी यांच्या मधल्या फटीतून एका रात्री कांडेचोर आत आला आणि सात तलंगा गेल्या. आता उभं आहे ते तिसरं. या तिन्हींत जे शिकले ते इथे लिहिते आहे, म्हणजे तुमचं पहिलंच छप्पर टिकेल.

वरून कोण येतं ते आधी नीट पाहून घ्या, कारण जाळी कोणती हे त्यावरच ठरतं. दिवसा घार आणि शिक्रा पिल्लं उचलतात. डोंगराजवळच्या गावांत मोरघार मोठी कोंबडीही नेते. भारद्वाज, ज्याला आमच्याकडे कुकुडकोंबा म्हणतात, तो अंडी आणि अगदी कोवळी पिल्लं खातो. कावळेही तेच करतात. रात्री कांडेचोर, म्हणजे उदमांजर, झाडावरून छपरावर उतरतं आणि वाशावरून चालत फट शोधतं. बाऊल, म्हणजे रानमांजर, पाच फुटांची जाळी सहज चढून जातं. मुंगूस बहुतेक वेळा खालून येतो, पण बाजूची जाळी चढून वरच्या कडेवरून आत उतरलेलाही मी पाहिला आहे. शिवाय वानर आहेतच. त्यांना कोंबडी नको असते, अंडी हवी असतात, आणि ते पत्र्यावर उड्या मारून जे नुकसान करतात ते कुठल्याही शिकाऱ्यापेक्षा जास्त असतं. यांतल्या बहुतेक प्राण्यापक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. विष घालणं, फासे लावणं हा गुन्हा आहे, आणि एक शिक्रा मेला म्हणून दुसरा यायचा थांबत नाही. आपल्या हातात आहे ते फक्त आपलं छप्पर.

आणखी एक कारण, जे कमी बोललं जातं. गावरान कोंबडी उडते. गिरिराज किंवा वनराज अंगानं जड, त्या चार फुटांच्या वर फारशा जात नाहीत. पण गावरान तलंग संध्याकाळी फणसाच्या फांदीवर जाऊन बसते आणि सकाळी तिथे नुसती पिसं सापडतात. छप्पर तिला आत ठेवण्यासाठीही लागतं.

अर्धा पत्रा, अर्धी जाळी

सगळ्या आवारावर पत्रा टाकू नका. सगळ्यावर जाळीही नको. माझा हा सल्ला कोकणापुरता तरी ठाम आहे. पूर्ण पत्र्याखाली ऊन पोहोचत नाही, जमीन वर्षभर ओलसर राहते, आणि कोंबड्यांना धुळीत लोळायला जी कोरडी, उन्हात तापलेली माती लागते ती मिळत नाही. पूर्ण जाळीखाली जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चिखल असतो, आणि चिखलातच रक्ती हगवण वाढते. म्हणून खुराड्याला लागून असलेल्या निम्म्या भागावर पत्रा आणि पुढच्या निम्म्यावर जाळी हे मला सर्वांत बरं वाटतं. खाण्याचं भांडं, पाण्याचं भांडं आणि राखमातीचा खड्डा पत्र्याखाली. हिरवं खाणं, केळीचा सोप, ताटातलं उरलेलं जाळीखाली.

खाणं-पाणी पत्र्याखाली ठेवायला सांगते त्यामागे रोगाचंही कारण आहे. रानपक्ष्यांची विष्ठा जाळीतून सरळ भांड्यात पडते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात पुन्हा आढळला. हा रोग रानपक्ष्यांकडूनही येऊ शकतो, मानमोडीचंही तसंच. जाळी पक्ष्याला अडवते, त्याच्या विष्ठेला अडवत नाही. परसातल्या वीस कोंबड्यांसाठी या बाबतीत स्वस्तात करता येण्यासारखी हीच मोठी खबरदारी आहे.

आकाराचं म्हणाल तर एका कोंबडीला मोकळ्या आवारात दहा चौरस फूट धरा. वीस कोंबड्यांना वीस बाय दहा फुटांचं आवार पुरतं. पुढचं सगळं याच मापावर सांगते, तुम्ही आपापल्या जागेनुसार वाढवा-कमी करा.

जागा आणि दिशा

माडाखाली बांधू नका. नारळ पत्र्याला भोक पाडतो, आणि वाळकी झावळी पडली की जाळीची आख्खी पट्टी खाली ओढते. फणस आणि आंब्याची सावली हवीशी वाटते, पण छपरावर टेकणारी फांदी म्हणजे कांडेचोराला आणि वानराला घातलेली शिडीच. छपरापासून किमान सहा-सात फूट सगळ्या बाजूंनी मोकळं ठेवता आलं तर उत्तम. विजेच्या खांबावरून घराकडे येणाऱ्या तारेखाली लोखंडी जाळी कधीच पसरू नका. वादळात तार तुटून त्यावर पडली तर पूर्ण आवारात वीज खेळेल आणि पहाटे कडी काढायला जाणाऱ्या माणसाला ते कळणारही नाही.

आवाराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे दुपारनंतरचं कललेलं ऊन लांब बाजूने आत घुसत नाही. पावसाळी वारा आपल्याकडे नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. म्हणून एकपाखी छप्पर असेल तर त्याची उतरती, बुटकी बाजू वाऱ्याकडे आणि उंच बाजू वाऱ्याच्या पाठीकडे करा. वीस बाय दहाच्या आवारात दक्षिणेची लांब बाजू बुटकी, उत्तरेची उंच. पहिल्या वेळी मी नेमकं उलटं केलं होतं, सकाळचं ऊन आत यावं म्हणून. उंच उघडं तोंड वाऱ्याकडे असलं की छप्पर सुपासारखं होतं, वारा आत भरतो आणि बाहेर जायला वाट नसल्यामुळे पत्रा उचलतो.

वाऱ्याचा हिशेब

इथे थोडी आकडेमोड करते, कारण छपरं पावसापेक्षा वाऱ्यानं जास्त जातात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी १०० ते ११० किलोमीटरच्या वेगाने वाहत होता. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. ताशी ११० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ५५ किलो भरतो. दहा बाय दहा फुटांचा पत्रा म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. म्हणजे वारा त्या पत्र्याला पाचशे किलोच्या आसपास जोरानं वर उचलू शकतो. आणि तेवढ्या पत्र्याचं स्वतःचं वजन? चाळीस किलोच्या आसपास. पत्र्यावर चार चिरे ठेवून वादळ अडत नाही, हे या आकड्यांवरून लगेच समजतं. उलट उडालेला चिरा कोणाच्या तरी डोक्यात बसतो.

म्हणून छपराचं वजन जमिनीत हवं. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन फूट खोल काँक्रिटचा पाया साधारण १३५ किलोचा होतो. पत्र्याखालच्या भागात दर पाच फुटांवर एक खांब धरला तर दोन्ही बाजूंना मिळून सहा खांब होतात, आणि त्यांचे सहा पाये मिळून आठशे किलो. पाचशेला आठशे, एवढी ऐपत असली की मग झोप लागते. जाळीच्या भागाला वारा आरपार जातो, त्याला शेवटचे दोन खांब पुरतात. असे एकूण आठ.

खांबाला दीड इंची जीआय पाइप घ्या. काँक्रिटमध्ये बुडणाऱ्या टोकाला आडवी सळी वेल्ड करून घ्या, नाहीतर गुळगुळीत पाइप पायातून उपसून येतो. खड्डे दिवाळीनंतर लगेच खणा, जमीन तेव्हा ओली आणि मऊ असते. वैशाखात त्याच जमिनीत पहार वाजते. कातळावर घर असेल तर खड्ड्याच्या भानगडीत पडू नका. कातळात ड्रिलनं फूटभर खोल भोकं पाडून सळ्या सिमेंटात पक्क्या करायच्या आणि खांबाच्या तळाची पट्टी त्या सळ्यांना बोल्टनं आवळायची. ओळंबा लावून खांब उभे करा, वरच्या कडा पाणसळीनं जुळवा. उंच बाजू आठ फूट, बुटकी साडेपाच. बुटक्या बाजूला थोडं वाकावं लागेल, पण मधोमध माणूस टोपली घेऊन ताठ उभा राहू शकेल. छप्पर बुटकं असलं की आत झाडणं टाळलं जातं, आणि न झाडलेल्या आवारात रोग येतो.

बांबूनं करायचं असेल तर माणगा घ्या. आमच्या सिंधुदुर्गात तो मुबलक आहे, भरीव असतो, सरळ वाढतो. पावसाळा संपल्यावर तोडलेला, आणि तोडल्यावर तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवलेला हवा. बांबूतली साखर आणि पिठूळपणा पाण्यात उतरला की भुंगा कमी लागतो. बांबूचं टोक थेट मातीत गाडू नका, वाळवी वर्षात आत शिरते. पायात आधी हातभर पाइप उभा करून बांबू त्यावर बसवा आणि आडवा बोल्ट घाला. बांबूला खिळा मारला की तो चिरतो. आधी ड्रिल करा, किंवा काथ्याच्या सुंभानं बांधा आणि दर वर्षी सुंभ बदला. बांबूचा सांगाडा जाळीला उत्तम चालतो. पत्र्याखाली मात्र निदान कोपऱ्यांना तरी लोखंड असू द्या.

पत्रा बसवताना

दहा फुटांत अडीच फुटांचा उतार, म्हणजे फुटाला तीन इंच. कोकणातल्या पावसाला याहून कमी चालत नाही. जीआयचा नागमोडी पत्रा घ्या. जुना सिमेंटचा पत्रा कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, कापताना आणि फुटताना त्याची धूळ फुप्फुसात जाते, आणि तो इतका जड की हा सांगाडा त्याला पेलणार नाही.

पत्रे वाऱ्याच्या विरुद्ध टोकापासून लावायला सुरुवात करा, म्हणजे एकावर एक चढलेल्या कडांची तोंडं वाऱ्याला पाठ करतात आणि पाणी आत घुसत नाही. शेजारच्या पत्र्यावर दीड ते दोन नागमोडी चढवा. स्क्रू किंवा जे-बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, खोलगट भागात मारलात तर तिथूनच ठिबकेल. प्रत्येक स्क्रूला रबराचा वायसर हवा. आवळताना वायसर जरा फुगेपर्यंतच आवळा. फार दाबला की तो उन्हानं लवकर फाटतो. कडेच्या आडव्या पाइपवर एक आड एक उंचवट्याला स्क्रू, मधल्या पाइपवर दोन सोडून तिसऱ्याला. वारा कडेपासून उचलायला सुरुवात करतो, तिथे काटकसर नको. पत्र्यावर कधीही सरळ पाय ठेवू नका, फळी टाकून चढा.

दहा बाय दहाच्या पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ९३० लिटर पाणी खाली येतं. जुलैत असे दिवस ओळीनं येतात. ते सगळं पाणी बुटक्या बाजूच्या पागोळीत पडतं, आणि ती बाजू जर आवाराच्या आत असेल तर तुम्ही कोंबड्यांसाठी खाजण तयार केलंत असं समजा. म्हणून पत्रा बाजूच्या जाळीच्या बाहेर निदान एक फूट यायला हवा, आणि खाली पागोळीची चर खणून तिच्यात गोटे भरा. पन्हळ लावली तर अधिक चांगलं. ते पाणी माडांना सोडा. कोंबड्यांना पाजू नका, त्यात रानपक्ष्यांची विष्ठा धुऊन आलेली असते.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द. विदर्भ-मराठवाड्यात पावसापेक्षा ऊन मारतं. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते, आणि तिच्या अंगाचं तापमान आधीच ४१ अंशांच्या आसपास असतं. एप्रिल-मेमध्ये बुटक्या तापलेल्या पत्र्याखाली ती दुपारी दोन तासांत मरू शकते. पत्रा किमान आठ-नऊ फुटांवर ठेवा, वरून चुन्याची सफेदी द्या, आणि वर तुराट्यांचा किंवा गवताचा जाडसर थर टाकून तो तारेनं बांधा. आगीची काळजी घ्या, चुलीच्या वाऱ्याच्या दिशेला हे छप्पर नको.

जाळी कुठली

षट्कोनी, विणल्यासारखी दिसणारी जाळी, जिला बांधकामवाले चिकन मेश म्हणतात, ती नावावर जाऊन विकत घेऊ नका. प्लास्टरला भेगा पडू नयेत म्हणून विटा आणि काँक्रिटच्या सांध्यावर ठोकतात ती हीच. तिची तार वीस-बावीस गेजची असते, म्हणजे एक मिलिमीटरपेक्षाही बारीक. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होत जाते, हे दुकानात विसरू नका. ही जाळी घारीला अडवते. कुत्र्याला आणि बाऊलाला अडवत नाही, आणि खाऱ्या हवेत ती टिकत नाही. माझी तिसऱ्या पावसाळ्यात बोटांनी तुटायला लागली होती.

छपराला एक इंची चौकोनाचा, चौदा गेजचा वेल्डमेश घ्या. त्याची तार दोन मिलिमीटर जाड असते. आधी वेल्ड करून मग जस्ताचा मुलामा दिलेला मागा. उलट क्रमानं केलेल्या जाळीत वेल्डच्या जागी मुलामा जळून गेलेला असतो, आणि गंज बरोबर तिथूनच धरतो. दुकानात जाळीचे सांधे जवळून पाहा, काळपट डाग दिसले तर परत ठेवा. चेनलिंक जाळी बाजूला मजबूत असते, पण तिच्या दोन इंची भोकातून पिल्लू बाहेर जातं आणि मुंगसाचं पोर आत येतं. सापासाठी म्हणाल तर एक इंची जाळी मोठ्या धामणीला अडवते, लहान सापाला अडवत नाही. अंड्यांची जागा आणि पिल्लांचा कोपरा अर्धा इंची जाळीनं वेगळा करा, तिथे तरी तडजोड करू नका.

कापायचा हिशेब असा. आवाराचा जाळीचा भाग दहा बाय दहा. चार फूट रुंदीच्या तीन पट्ट्या आडव्या घालायच्या. प्रत्येक सांध्यावर चार इंच एकीवर दुसरी चढवली तर बारा फुटांतले अकरा फूट चार इंच उरतात. म्हणजे दहा फुटांवर सोळा इंच जास्त: आठ इंच पत्र्याखाली सरकवायला, आठ इंच पुढच्या बाजूच्या जाळीवर दुमडायला. उतारावरचं अंतर दहा फुटांहून थोडं जास्त भरतं, म्हणून पट्ट्यांची लांबी अकरा फूट आठ इंच ठेवा, म्हणजे दोन्ही अंगांना आठ-आठ इंच खाली वळतात. तीन पट्ट्यांना मिळून पस्तीस फूट जाळी लागली. पन्नास फुटांचा गुंडा घेतलात तर उरलेल्यातून दाराचा वरचा भाग आणि छपराच्या तिरक्या बाजूचे त्रिकोण निघतात.

ही आठ इंचांची दुमड सगळ्यांत महत्त्वाची. बहुतेक जण छपराची जाळी वरच्या पाइपापर्यंत आणतात, बाजूची जाळीही त्याच पाइपापर्यंत नेतात, आणि दोन्ही तिथे तारेच्या चार गाठींनी बांधतात. लांबून ते बंद दिसतं. कांडेचोर नाक घालतं, एक गाठ सैल असली की डोकं घालतं, आणि डोकं गेलं की बाकी अंग जातंच. छपराची जाळी बाजूच्या जाळीवरून बाहेरून खाली वळली, आणि दर चार इंचांवर तारेनं शिवली, तर त्याला धरायला कडच मिळत नाही. शिवायला सोळा गेजची जीआय तार वापरा. बांधकामावरची काळी बाईंडिंग तार एका पावसाळ्यात संपते. गाठीची टोकं बाहेरच्या बाजूला वळवा, आत राहिली तर कोंबडीचा तुरा आणि डोळा दोन्हींना धोका.

जाळी लोंबू नये म्हणून आधी दर दोन फुटांवर दहा गेजची तार या पाइपापासून त्या पाइपापर्यंत ताणून घ्या आणि जाळी तिच्यावर पसरा. लोंबणाऱ्या जाळीत पानं साचतात, पानांत पाणी साचतं, आणि ओल्या पानांखाली तार गंजते. शिवाय वानर त्याच खळग्यात येऊन बसतो.

पत्र्याच्या कडा

माझ्या सात तलंगा जिथून गेल्या ती जागा पत्र्याच्या टोकाला होती. नागमोडी पत्रा पाइपवर टेकतो तो फक्त खोलगट भागांत. प्रत्येक उंचवट्याखाली अर्धचंद्राची फट राहते. साप, उंदीर, घूस यांना ती पुरते. त्यात एका टोकाला माझ्याकडून एक आडवा पाइप इंचभर खाली लागला होता, त्यामुळे तिथली फट तीन बोटं झाली होती. कांडेचोराला तेवढं पुरलं, त्यानं पत्रा वरून ढकलून वाकवला होता. आता मी अर्धा इंची जाळीची सहा इंच रुंद पट्टी घेते, ती मधोमध काटकोनात दुमडते, एक पाख पत्र्याच्या खालून उंचवट्यात दाबत स्क्रूमध्ये अडकवते आणि दुसरं बाजूच्या जाळीवर शिवते. हे काम कंटाळवाणं आहे. एका बाजूला एक दुपार जाते. ते फॅब्रिकेशनवाल्यावर सोडू नका, तो हवेला वाट हवी म्हणून फट तशीच ठेवून जाईल. हवा जाळीतूनही जाते.

दाराची वरची चौकट छपराला भिडते तिथेही असंच पाहा. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं ठेवा आणि दोन ठिकाणी कोयंडे लावा. साधी सरकती कडी वानर उघडतो. खालच्या बाजूबद्दल इथे एवढंच: मुंगूस आणि कुत्रा उकरतात, म्हणून बाजूची जाळी तळाशी बाहेर वळवून दीड फूट आडवी जमिनीत पुरा.

काम संपलं की लोहचुंबक दोरीला बांधून आवारभर फिरवा. कापलेल्या तारेचे तुकडे कोंबड्या दाण्यासारखे टिपतात, ते पेटीत जाऊन आतून टोचतात आणि कोंबडी काही दिवसांत सुकत जाते. चुंबकाला जे लागत नाही ते हातानं वेचा.

पैसे नसतील तर

हे सगळं एकदम करता येत नाही, मला माहीत आहे. किनाऱ्यालगतच्या गावांत मच्छीमारांकडून जुनं जाळं मिळतं, देशावर द्राक्षबागांना लावतात तशी पक्षीजाळी मिळते. ती खांबांवर ताणली की घार आणि शिक्रा थांबतात. रात्रीच्या शिकाऱ्यांना ती अडवत नाही, उंदीर ती कुरतडतात आणि उन्हानं ती दोन-तीन वर्षांत विरते. अशा जाळ्याखाली ठेवलेल्या कोंबड्या दिवेलागणीच्या आधी खुराड्यात गेल्याच पाहिजेत, एक दिवसही चुकता कामा नये. आणि जाळं सैल सोडू नका. सैल जाळ्यात धामण अडकते, घुबड अडकतं, आणि सुटायच्या धडपडीत मरतं. सकाळी जाळ्यात साप दिसला तर काठी घेऊ नका, सर्पमित्राला बोलवा. धामण उंदीर खाते, ती परसात राहिलेली बरी.

वेलांचं काय, असं बायका हमखास विचारतात. जाळीवर तोंडली, पडवळ चढवला तर सावली मिळेल ना? मिळेल, पण भिजलेला वेल फार जड होतो, त्याखालची जाळी दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या जाळीतलं भोक कधी पडलं ते कळत नाही. वेलाचा मांडव हवा असेल तर तो आवाराच्या पश्चिमेला सहा-सात फूट सोडून वेगळा घाला. दुपारचं ऊन अडेल आणि भाजीही मिळेल.

बिबट्याच्या भागात, जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात असो की सह्याद्रीच्या पायथ्याला, इथे सांगितलेलं कुठलंच छप्पर बिबट्यासाठी नाही. तिथे रात्री कोंबड्या पक्क्या भिंतींच्या खुराड्यात हव्यात, आवारात नव्हे.

छप्पर झाल्यावर पहिली रात्र कोंबड्या आत सोडू नका. काळोख पडल्यावर तुम्ही रिकाम्या आवारात उभं राहा, आणि घरातल्या कोणाला तरी बाहेरून विजेरी घेऊन छपराच्या कडेकडेनं सावकाश फिरायला सांगा. पत्रा आणि पाइप यांच्या मध्ये, दाराच्या वर, दोन पट्ट्यांच्या सांध्यावर, जिथे उजेडाची रेघ तुमच्या अंगठ्याहून रुंद दिसेल तिथे खडूनं खूण करा. आम्ही केलं तेव्हा नऊ खुणा निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या शिवल्या, रात्री पुन्हा विजेरी फिरवली, दोन उरल्या. त्याही बुजवल्या आणि तिसऱ्या संध्याकाळी कोंबड्या आत घेतल्या.

आता दर वर्षी मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा आमच्याकडे विजेरी फिरते. गेल्या खेपेला खडू सासूबाईंच्या हातात होता.